बांध कोणी कापला?

"माझ्या बाबांनी बांध कापला, असं पोलीस म्हणतायत," श्रावस्ती वासनिक म्हणाली. समोरचा चहा तिने हातात घेतलाच नाही.

सुखदा गणवीर यांचं गुरुग्राममधलं डिटेक्टिव्ह ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि दिलीप मेंढे. हे दिलीपराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मन मोठं, पण डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडायचा.

"नीट सांग," सुखदाताई म्हणाल्या.

अरवलीच्या पायथ्याशी, श्रावस्तीच्या सोसायटीमागे, पूर अडवणारा मातीचा छोटा बांध होता. मागच्या आठवड्यातल्या पावसात तो फुटला आणि सोसायटीचं बेसमेंट छतापर्यंत भरलं. माणूस मात्र एकच गेला. श्रावस्तीचे वडील गुणवंत, जलखात्यातले निवृत्त इंजिनिअर. ढासळलेल्या मातीखाली ते सापडले, शेजारी फावडं होतं.

"दोन वर्षं ते सोसायटीशी भांडत होते, बांधाकडे लक्ष द्या म्हणून. आता सगळे म्हणतात, आपलं खरं करायला म्हाताऱ्याने स्वतःच तोडला." तिला हुंदका आवरेना. "केस अशीच बंद झाली, तर बाबा गुन्हेगार म्हणूनच जातील ताई. त्यांच्या हाताला रुमाल बांधलेला होता, रक्ताने भिजलेला. तेही फावडं लागूनच झालं म्हणे."

"फावडं बांधाच्या माथ्यावर सापडलं?"

"नाही. खाली, आमच्या बाजूला, पायथ्याशी. वाळूच्या गोण्या पडल्या होत्या तिथे."

दिलीपरावांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित मलिक म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "पागल हो गया था वो आदमी, मैडम. सबको बोलता था, बांध जाएगा, बांध जाएगा."

"उस दिन और कुछ हुआ था?"

"क्या नहीं हुआ! बच्चों के झूलों के नीचे की रेत कोई उठा ले गया. और बेसमेंट में किसी बदमाश ने शीशा तोड़कर फायर अलार्म बजा दिया. जिम, पार्किंग, सब लोग भागकर ऊपर! आग कहीं थी ही नहीं. हम बदमाश को ढूँढ ही रहे थे कि पानी आ गया."

"नशीब बघा," बाहेर आल्यावर दिलीपराव म्हणाले. "त्या टवाळखोरामुळे लोक वाचले."

सुखदाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुढचं वाक्य गिळून बसले.

बाग समितीच्या विजयालक्ष्मी देशपांडे यांचा राग अजून ताजा होता. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बांधावर आम्ही हौसेने लावलेली कडुनिंबाची रोपं त्यांनी उपटली. म्हणे मातीच्या बांधावर झाड नको. आणि स्वतःच्या बायकोच्या आठवणीचा पिंपळ मात्र मधोमध! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

"तो पिंपळ कुठे आहे?"

"तीन-चार वर्षांपूर्वी वाळला. त्यांनी जमिनीलगत कापला, पण मुळांना कोणाला हात लावू देईनात. रोज तिथे जाऊन उभे राहायचे."

"त्या दिवशी तुमची त्यांची भेट झाली होती?"

"झाली ना. बांधाखालून नेहमी थोडं पाणी झिरपतं, स्वच्छ असतं. त्या दिवशी अगदी चहासारखं गढूळ होतं. मी सहज त्यांना सांगितलं, तर एक शब्द न बोलता पळत सुटले. उद्धट माणूस!"

मग सुखदाताई आणि दिलीपराव बांधावर गेले. खिंडार बरोबर मधोमध होतं. उघड्या पडलेल्या कडेतून काळी, कुजलेली मुळं लोंबत होती. सुखदाताईंनी एका मुळाच्या जागी बोट घातलं. ते सरळ आत गेलं.

दुसऱ्या दिवशी क्लबरूममध्ये मलिक, विजयालक्ष्मी, श्रावस्ती आणि पोलीस इन्स्पेक्टर जमले. सुखदाताई उभ्या राहिल्या.

"बांध कापायचा असेल तर माणूस माथ्यावर उभा राहून खणतो. फावडं तर खाली सापडलं, वाळूच्या गोण्यांपाशी. ती वाळू झोपाळ्याखालची. बांधातून स्वच्छ पाणी झिरपलं तर घाबरायचं कारण नसतं, पण ते गढूळ झालं म्हणजे आतली माती वाहून चालली. हे विजयालक्ष्मीताईंच्या तोंडून ऐकलं आणि वासनिक साहेब पळाले. आधी बेसमेंटकडे. 'बांध जाणार' हे त्यांचं ओरडणं इथे कोणी ऐकलं असतं? दोन वर्षं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणून त्यांनी काच फोडून आगीचा अलार्म वाजवला. हात तिथे कापला. मग जवळची वाळू गोण्यांत भरून ते झिरपत्या तोंडाशी रचत राहिले, माती धरून ठेवायला. त्यांच्या अंगावर बांध कोसळला."

"म्हणजे तो टवाळखोर..." दिलीपरावांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मलिक खाली मान घालून बसले. त्यांची बायको त्या वेळी जिममध्ये होती. इन्स्पेक्टर म्हणाले, हा गुन्हा राहत नाही.

सगळे उठले, पण श्रावस्ती उठली नाही. "मग बांध फुटला कशाने?"

दिलीपरावांनी सुखदाताईंना डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. पण विचारणाऱ्याला खोटं सांगणं ताईंच्या स्वभावात नव्हतं.

"पिंपळाने. मुळं कुजली की मातीत पोकळ नळ्या उरतात. पाण्याला आयती वाट मिळते. मुळं खणून तिथे माती ठोकून भरायला हवी होती. तुझ्या बाबांना हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर ते रोज तिथे पहारा देत होते. त्यांनी खणलं का नाही, एवढंच मला उमगलं नाही."



"मुळाशी आईच्या अस्थी आहेत," श्रावस्ती म्हणाली. "बाबा म्हणाले होते, गावी नेऊ, बांधावर झाड चालत नाही. मीच हट्ट धरला. आई जवळ राहू दे म्हटलं, आणि पिंपळ लावला. माझ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. नंतर तिथे फावडं कसं मारणार होते ते?"

विजयालक्ष्मी दारातून मागे फिरल्या आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"माझ्या रिपोर्टमध्ये पिंपळाचा उल्लेख करणार नाही," सुखदाताई हळूच म्हणाल्या. "त्याची गरज नाही."

"नाही ताई, लिहा," श्रावस्ती म्हणाली. "चूक कुठे झाली, ते बाबांनी स्वतः लिहिलं असतं." आणि ती विजयालक्ष्मींच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली.