दुपारी तीनची खटखट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मला आता समजावायचा कंटाळा आलाय.

१४ एप्रिल २०१७. गुड फ्रायडे. गाव मालिनाव, फिलिपिन्समधल्या सामार बेटाचा पूर्व किनारा. वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारपासून चर्चची घंटा मुकी असते. शनिवारी रात्रीपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. प्रार्थनेला बोलवायचं तर लाकडी खटखटी वाजवतात. फळीवर आपटणाऱ्या दोन कड्या, एवढंच ते वाद्य.

आता माझ्या घराण्याचं सांगते.

दोनशे वर्षांपूर्वी चाचे आले आणि आमच्या गावातली त्रेसष्ट माणसं होड्यांत घालून घेऊन गेले. बुरुजावर पहारा होता माझ्या पणजोबांच्या आजोबांचा, बालबीनोचा. गाव म्हणतं, तो झोपला होता. मेमधल्या जत्रेत दरवर्षी त्याचं नाटक होतं. बालबीनो घोरतो आणि लोक पोट धरून हसतात. शाळेत मला सगळे ‘घोरणाऱ्याची पोर’ म्हणायचे.

त्या वर्षी जत्रेच्या पुस्तकात गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. चर्चच्या जुन्या वहीत तेव्हाच्या पाद्र्याची नोंद सापडली.

‘गुड फ्रायडे, दुपारी तीन. घंटेचा दोर माझ्या कुलपात. बालबीनोने बुरुजावरून खटखटी वाजवली. लोकांना वाटले, प्रार्थनेची वेळ झाली. टेकडीवर पळायचे सोडून सगळे चर्चमध्ये आले. चाच्यांनी त्यांना तिथूनच नेले.’

म्हणजे तो झोपला नव्हता. इशारा द्यायला जे हाताशी होतं ते बिचारा वाजवत राहिला.

मी धावत जत्रा समितीच्या कॉन्रादोकडे गेले.

“एर्लिंडाबाई, वही जुनी, अक्षर किरटं. कशाला उकरून काढता?”

“अहो, स्पष्ट लिहिलंय. वाचा तरी.”

“वाचलं. पण लोकांना घोरणाराच आवडतो. खटखटी वाजवणाऱ्याला कोण हसणार?”

संताप संताप झाला. पण बोलणार कुणाला?

त्याच आठवड्यात गुड फ्रायडे आला.

घरात चूल पेटवली नव्हती. सकाळची रताळ्याची खीर तेवढी उरली होती. रेडिओ बंद. पोरं घरात डांबलेली. त्या दिवशी देव मेलेला असतो, लागलं तर जखम भरत नाही म्हणतात.

पावणेतीनला मी एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन चर्चकडे निघाले. तिच्या डोक्यावर चर्चला जातानाची नेहमीची निळी ओढणी होती.

आणि...

खट. खट. खट.

आवाज चर्चकडून येत नव्हता. समुद्राकडून येत होता.

बुरुजाकडून.

त्या बुरुजाला आत जिना उरलेला नाही. वर उभं राहायला जमीनही नाही. नुसत्या चार भिंती.

खट. खट. खट. खट.

घराघरांतून लोक बाहेर आले आणि भराभर चर्चकडे चालायला लागले.

“थांबा,” मी म्हटलं, “ही चर्चची खटखटी नाही. बुरुजावर वाजतेय.”

“वाजतेय ना? मग चल की,” शेजारची पुरिता म्हणाली. “का तुझ्या घरात सगळ्यांनाच झोप अनावर होते?”

चार जणी हसल्या.

तेवढ्यात चर्चच्या दारात सेवक आनासेतो मामा आले. खटखटी त्यांच्या हातात होती... आणि हात स्थिर होते.

“मी अजून वाजवलीच नाही,” ते म्हणाले.

एकही माणूस थांबला नाही. लोक त्यांच्या शेजारून आत गेले. मी ओरडले, दंड धरून ओढलं. पालथ्या घड्यावर पाणी.

फक्त आई थांबली होती. समुद्राकडे कान लावून.

“अगं, किती जीव तोडून वाजवतोय तो,” ती म्हणाली. “चल, टेकडीवर जाऊ.”

तिला धरून धरून मी चढवलं. अर्धा तास लागला. तेवढा वेळ खटखट चालूच होती, आणखी आणखी घाईची.

आईचा पाय माथ्यावर पडला आणि...

आवाज थांबला.

खाली समुद्र पूर्ण रिकामा होता. होडी नाही, लाट नाही, काही नाही.

प्रार्थना संपली. सगळे सुखरूप घरी गेले. “काय आलं गं समुद्रातून?” म्हणून मला आठवडाभर चिडवलं.

आनासेतो मामांनी मात्र मला संध्याकाळी चर्चमध्ये नेलं. समुद्राकडचं दार ते वर्षभर उघडत नाहीत. तिथून आत ओल्या वाळूची पावलं उमटली होती. अनवाणी, पुष्कळ. शेवटच्या बाकापर्यंत.

परत जाणारं एकही नव्हतं.

मामांनी फरशी पुसली. “कुणाला सांगू नकोस,” म्हणाले. मी सगळ्यांना सांगितलं. उपयोग शून्य. मेमध्ये बालबीनो पुन्हा घोरला, गाव पुन्हा हसलं.

तेव्हापासून दर गुड फ्रायडेला खटखट ऐकू आली की मी आईला टेकडीवर न्यायची. ती माथ्यावर पोचली की आवाज थांबायचा. दरवर्षी. “एक तरी माणूस पळालं, एवढंच त्याला बघायचं असतं,” आई म्हणायची.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई गेली.

या वर्षी मी एकटीच चढले. माथ्यावर उभी राहिले. हात वर करून दाखवले.

खटखट थांबली नाही.

मी वळून खाली पाहिलं. गाव रांगेनं चर्चमध्ये शिरत होतं. रांगेच्या शेवटी, पुरिताच्या मागे... आईची निळी ओढणी होती.