प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला हार

ज्याला हे खोटं वाटेल त्याने कळव्याला माझ्या घरी यावं. चहा मी पाजतो. पण खाली कमेंटमध्ये 'छान कल्पना' वगैरे लिहू नका, डोकं फिरतं माझं. माझ्या सख्ख्या बहिणीबरोबर हे घडलंय, आणि अजून घडतंय.

गेला डिसेंबर. शनिवारची दुपार. वागळे इस्टेटमधला एका बंद कारखान्याचा गाळा.

मी नयन. माझा टेम्पो आहे. बहीण कल्पिता माझ्याहून बरीच लहान, चित्रं काढते. आमच्या घरात कुणी मिठागरावर राबलं, कुणी भात लावला. चित्रं काढणारी ही पहिलीच.

प्रफुल्ल नावाच्या एका माणसाने नव्या चित्रकारांचं फिरतं प्रदर्शन काढलेलं. रिकामा गाळा नाहीतर बंद दुकान दोन दिवसांसाठी घ्यायचं, चित्रं टांगायची आणि सगळं उचलून पुढच्या गावी जायचं. आधी ठाणे, मग कल्याण, शेवटी डोंबिवली. चित्रं न्यायला टेम्पो माझा. कल्पिताचं हे पहिलंच प्रदर्शन. चार लोकांनी आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने स्वतःचाच चेहरा काढलेला, कोळशाने. मोठा, काळ्या फ्रेममध्ये. प्रफुल्लने तो बरोबर दारासमोर टांगला.

उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा जाड हार टेबलावर पडून होता. प्रफुल्लला प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो. त्याने हार उचलला आणि कल्पिताच्या चित्राला घातला.

"मस्त दिसतंय," म्हणाला.

आमची आई, तुळसाबाई, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. ती ताडकन उठली आणि तिने हार ओढून काढला. "जित्या पोरीच्या फोटूला हार घालतस? डोका हाय का नाय तुला?"

प्रफुल्ल हसला. कल्पिताही हसली. मला हसू आलं नाही. याच्या कानाखाली वाजवावी, असं मनात आलं.

थोड्या वेळाने लोक यायला लागले.

आणि दाराशी चपला काढायला लागले...

कुणी सांगितलं नव्हतं. ऑइलने काळी झालेली ती लादी, तरी सगळे अनवाणी आत आले. बाकीच्या चित्रांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सगळे कल्पिताच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. कुणी बोलेना. कुणाचा मोबाइलही वाजेना.

एका काकांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं...

"कशाने गेली?"

कल्पिता माझ्या शेजारीच उभी होती. "काका, ही मीच," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे मानही वळवली नाही. उत्तरासाठी माझ्याकडेच बघत राहिले.

मी म्हटलं, अहो, ही काय उभी आहे तुमच्यासमोर. तसे त्यांचे डोळे बदलले.

"गेलेल्या माणसाची थट्टा करू नये."

मागचे सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द अजून बोललो असतो, तर मार खाल्ला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चित्र मी स्वतः गुंडाळलं. बबल रॅप, वरून टेप. टेम्पोला कुलूप, चावी माझ्या खिशात. कल्याणच्या दुकानात टेपही मीच कापली.

आत हार होता...

ताजा. ओला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब होते.

मी प्रफुल्लची कॉलर धरली. त्याने आईची शपथ घेतली. तो खरं बोलत होता. म्हणून मला जास्त भीती वाटली. तो हार मी नेऊन खाडीत टाकला.

कल्याणपासून कल्पिता माणसांना दिसेनाशी व्हायला लागली. चहावाल्याने सगळ्यांना चहा दिला, तिला सोडून. तिने हात केला की रिक्षा थांबेना. मैत्रिणी फोन उचलायच्या, "हॅलो, हॅलो" करायच्या आणि ठेवून द्यायच्या. प्रफुल्ल तिच्याशी बोलेनासा झाला. एकदा मात्र तिच्यादेखत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हुशार होती रे तुझी बहीण."

होती? मी त्याला तिथेच मारलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आता ती फक्त मला आणि आईला दिसत होती. आई तिचा हात धरून झोपायची.

मी म्हटलं, बस झालं, डोंबिवलीला जायचं नाही. कल्पिता ऐकेना. "दादा, मी तिथे सगळ्यांसमोर ते चित्र पुसणारे. चेहराच नसेल तर हात कोणाला जोडतील?"

मलाही ते पटलं.

डोंबिवलीला आम्ही दोघं पोचलो तेव्हा पायऱ्यांवर चपलांचा ढीग होता. कल्पिता गर्दीत घुसली. कुणी बाजूला सरकलं नाही. एका बाईने तर न बघताच तिला खांद्याने सारलं, दारातला पडदा सारावा तसं. कल्पिताने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रशने स्वतःचा चेहरा झाकायला घेतला. आधी हनुवटी. मग ओठ. शेवटी डोळे...

सगळे शांतपणे बघत होते.

पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने सुस्कारा टाकला.

"सुटली बिचारी."

मग सगळ्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

परतताना कल्पिता टेम्पोत माझ्या शेजारी बसलेली. शिळफाट्याला ट्रॅफिक होतं. ती बडबडत होती, किती दिवसांनी हसत होती. मलाही वाटलं, सुटलो एकदाचे.

घरी आईने दार उघडलं. कल्पिता पुढे, मी मागे. आईने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं...

"एकलाच आलास?"

कल्पिताने तिचा हात धरला, "आई, आई" म्हणून हलवला. आईने थंडी वाजल्यासारखा पदर अंगाभोवती घेतला आणि आत गेली.

याला काही महिने झाले. कल्पिताला ना आजार झाला, ना अपघात. ती आमच्याच घरात आहे. जेवते, माझ्याशी भांडते, चित्रं काढते. मी आईला सांगितलं तर ती रडते, मला भगताकडे चल म्हणते. टेम्पोची लांबची भाडी मी बंद केली. होईल तेवढा घरात बसतो आणि बहिणीकडे बघत राहतो. झोपायची मला भीती वाटते. खूप भीती वाटते.

आज सकाळी उठलो, तर ती कुठे दिसेना.

मोरी बघितली, गच्ची बघितली. गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाऊन आलो. तिच्या नावाने ओरडलो. आजूबाजूचे खिडकीतून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते. परत आलो, तर ती खाटेवर बसलेली. डोळे रडून लाल.

"मी कधीची तुझ्यासमोरच होते, दादा. दोनदा तू मला ढकलून गेलास."

माझ्या अंगाला कुणाचाच धक्का लागला नव्हता.