तीनदा उघडलेलं बॉनेट

भाच्या, चावी ठेव तिकडे. तुझी गाडी उद्या उजेडात बघू, आत्ता नाही. आणि तुम्ही दोघं दात काढू नका. भाच्या, तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागतं आणि जातं, त्यात काय एवढं, असं म्हणालास ना मगाशी? बसा सगळे. टीव्ही बंद करा, ओरडून बोलायला घसा नाही माझ्याकडे.

माझ्या दुकानाला लागून एका फिटरचं गॅरेज होतं. मी गाड्यांचं वायरिंग करायचो, तो इंजिनं. हात सोन्याचा, पण अंगात भयंकर घाई. लग्न केलं नाही. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. पन्नाशीच्या माणसाला ती चारचौघांत ‘आधी तोंड धू’ म्हणायची आणि हा मुकाट्याने नळाकडे जायचा. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो.

एका संध्याकाळी त्याच्याकडे टॅक्सीवाला आला. जाडजूड, हसरा माणूस. म्हणाला, “ऑइलचा दिवा जात नाहीये. लांबची फेरी आहे, बघता का?”

आता यात काय करायचं असतं, तर पट्टी काढून ऑइल किती आहे ते बघायचं. ऑइल असलं तरी थांबायचं नाही. इंजिनला गेज लावून दाब मोजायचा. ऑइल भरलेलं असतं, पण पंप मेलेला असतो, मग ते वर चढतच नाही. त्याला अर्धा-पाऊण तास जातो. फिटर शटर ओढायच्या बेतात होता. त्याने पट्टी बघितली, ऑइल होतं. “सेन्सर खोटं बोलतोय,” म्हणाला, आणि सेन्सरची वायर उपटली. दिवा विझला. वेळ मारून नेली त्याने. मी तिथेच स्टुलावर चहा पीत होतो. मला कळलं होतं, पण मी बोललो नाही. आजही लाज वाटते त्याची.

त्याच रात्री उतारावर टॅक्सीचं इंजिन जाम झालं. स्टिअरिंग दगडासारखं झालं असेल. मागून ट्रक होता... टॅक्सीवाला जागीच गेला. गाडीत एकटाच होता, तेवढंच बरं म्हणायचं.

फिटरने कानाला खडा लावला. लाल दिवा दिसला की इंजिन बंद, जागच्या जागी, मग गाडीत कोणी का असेना. रोज सकाळी हे मोठ्याने म्हणायचा. आम्हाला वाटलं, सुधारला बिचारा.

पुढचं त्याने मला हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सांगितलं. एकदाच. पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरची रात्र. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईच्या छातीत कळ आली, अंग घामाने भिजलं. अँब्युलन्सला पाऊण तास लागेल म्हणाले. हॉस्पिटल बारा किलोमीटरवर. त्याने तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतःची गाडी काढली. स्वतःच्या हाताने बांधलेलं इंजिन होतं ते, घड्याळासारखं चालायचं.

पेट्रोल पंप मागे पडला आणि लाल दिवा लागला.

त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, मोबाइलच्या उजेडात पट्टी ओढली. ऑइल काठोकाठ, स्वच्छ. खाली वाकून बघितलं, गळती नाही. परत चालू केली. दिवा गेला.

“काय झालं रे?” ताईने विचारलं.

“काही नाही. पोचलोच आपण.”

दोन किलोमीटर गेला. पुन्हा दिवा.

पुन्हा थांबला. पुन्हा पट्टी, पुन्हा ऑइल काठोकाठ. ताई मागून म्हणाली, “दिवाच आहे ना... चल ना रे.” आणि याच्या डोळ्यांपुढे तो उतार. इंजिन जाम झालं तर दोघंही जाऊ, असं म्हणाला मला. खरंच होतं ना ते? त्याचं काय चुकलं, सांगा.

तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने सेन्सरची वायर ओढून काढली. तेच, जे तेव्हा केलं होतं.

दिवा विझला नाही.

वायर हातात. दिवा लाल.

ताईचा आवाज आला. बारीक. ती याच्याशी बोलत नव्हती.

“तुम्ही तरी सांगा ना त्याला... चल म्हणावं.”

“ताई? कुणाशी बोलतेस?”

...

“ताई, पुढे कोणी नाहीये.”

मागून फक्त श्वास. वर. खाली. मग बराच वेळ काही नाही. मग वर.

तेव्हा त्याने बॉनेट आपटलं आणि दिव्यासकट गाडी पिटाळली. डावीकडे मान वळवली नाही. एकदाही नाही. इंजिन मुळीच कुरकुरलं नाही. हॉस्पिटलच्या फाटकात दिवा आपोआप गेला.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं.

तीनदा थांबला होता तो. दर वेळी सहा-सात मिनिटं. कामात चोख, कधी नव्हे इतका. ज्याने त्याला थांबवलं त्याला हे ठाऊक होतं, पोरांनो. त्याच्या घाईत नाही, त्याच्या शपथेत पकडलं होतं त्याने त्याला.

मी पहाटे पोचलो. तो पायरीवर बसला होता. गाडी घेऊन जा म्हणाला, मला दिसता कामा नये. मी तिथेच गेज लावला. थंड इंजिनचा मोजला, तापवून मोजला, रेस देऊन मोजला. दाब जिथे हवा तिथेच. वायरसुद्धा मी स्वतः तपासली, माझा धंदाच तो. कुठे घासलेली नाही, कुठे चिकटलेली नाही. इंजिनात काहीही बिघाड नव्हता.

मग शेजारच्या सीटवर अवजारं ठेवावी म्हणून डावीकडचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. पट्टा लावलेला होता.

मी बटण दाबलं. खटका वाजला. पट्टा सुटला नाही. तो सीटला टेकलेलाही नव्हता, वीतभर पुढे ताणून उभा होता. मी पट्ट्याच्या आतून हात घातला. हाताला काही लागलं नाही.

पट्टा मात्र संथ वर-खाली होत होता...