खोबऱ्याच्या पेंडीवरची बुरशी

“तपासणीला आलात का?”

मी दचकून वळले. माझ्या हातात चिमटा, पुढे पेंडीचे ढीग, आणि मागे बाह्या दुमडलेला एक उंच मुलगा. चेहरा असा, की आत्ताच्या आत्ता घाण्याला टाळं लागणार!

“नाही हो... मला फक्त बुरशी हवीय.”

“बुरशी?” तो हसला. “मग पोतंभर न्या की!”

विश्वजीतची नि माझी ओळख झाली ती अशी, जुन्या पनवेलमध्ये, त्यांच्या तेलघाण्याच्या मागच्या अंगणात. मी विचुंब्याहून यायचे. तेल पचवणाऱ्या बुरशीतलं लायपेज नावाचं एन्झाइम हा माझा पीएच.डी.चा विषय.

“करतं काय हे लायपेज?” दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं.

“तेलाचे तुकडे. एरवी त्याच्या तोंडावर झाकण असतं. तेलाचा थेंब लागला की ते सरकतं, आणि तेलाचा रेणू आतल्या खाचेत शिरतो.”

“कुठलंही तेल चालतं?”

“तेच तर शोधतेय...” तो माझ्याकडे बघत होता — आणि पुढचं वाक्य मला आठवेचना.

ऑगस्ट आला तरी प्रयोग पुढे सरकेना. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल — एन्झाइम ढिम्म. “महिनाअखेरपर्यंत काही निघालं नाही, तर विषय बदल,” माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या. तीन वर्षं पाण्यात! बाहेर बारीक रिपरिप लागलेली. मी घाण्याच्या पत्र्याखाली जाऊन बसले, तर डोळेच भरून आले.

“रडाचा नाय, पोरी. चाय घे,” पेंड भरणाऱ्या रंभामावशींनी कप हातात दिला.

विश्वजीत शेजारी बसला, मधे हातभर अंतर ठेवून.

“एक सांगू? हसणार नसाल तर... ही बुरशी फक्त खोबऱ्याच्या पेंडीवर येते. शेंगदाण्याची पेंड अगदी लागून असते, पण तिला शिवतसुद्धा नाही. लहानपणापासून बघतोय.”

मी बघतच राहिले. “खोबरेल आहे?”

“घाण्यावर बसून विचारताय?”

तिसऱ्या दिवशी सकाळी खोबरेलाच्या प्लेटवर स्वच्छ गोल कडं उमटलं होतं, म्हणजे एन्झाइमने तेल फोडलं होतं! खोबरेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या आखूड, शेंगदाण्यातल्या लांब. माझ्या एन्झाइमची खाच बहुधा इतकी लहान, की लांब साखळी आत मावतच नसावी. खात्री करायची तर त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना पाहायला हवी. ती सोय हैदराबादला होती. मॅडमनी तिथे शब्द टाकलासुद्धा.

मी फोनवरचा फोटो दाखवायला धावत घाण्यावर गेले. त्याने तो दोनदा मोठा करून पाहिला.

“हैदराबादला किती दिवस?”

“सहा महिने.”

“छान झालं. जा तुम्ही.”

“एवढंच?”

तो खाली बघत हात पुसत राहिला. “थांबा म्हणालो तर माझं मलाच बरं वाटणार नाही. आणि जा म्हणतोय, तेही... मनापासून निघत नाहीये.”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“विश्वजीत, मला लागणारी बुरशी जूनमध्येच मिळाली होती,” मी म्हणाले. “त्यानंतर मी इथे कशासाठी येत होते, असं वाटतं तुम्हाला?”

पुसून पुसून कोरडा केलेला हात त्याने पुढे केला, आणि मी तो धरला. अजून थोडा तेलकट, उबदार.

“दिवाळीत हैदराबादला येऊ?”

“ये ना,” मी म्हणाले. इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं.

“येतो, इरा,” तो सावकाश म्हणाला. “तू नीट जा.”