झुकणारी बस

"ताई, जरा पाय बाजूला घेता का?"

आवाज खालून आला. बसथांब्यावर फुटपाथच्या कडेला एक तरुण उकिडवा बसला होता, हातात मोजपट्टी, गुडघ्यांना धूळ... आणि मी नेमकी त्याच्या मापावर उभी.

"ताई म्हणायची गरज नाही," मी म्हणाले. चष्म्याचं दुकान उघडायला उशीर होत होता, टॅक्सीचा पत्ता नव्हता, डोकं तापलेलं.

"बरं. मग काय म्हणू?"

"काहीच नको. मापं घ्या."

त्याने मान खाली घातली, पण हसलेला मला दिसला. शेजारी व्हीलचेअरमध्ये बसलेले बाबाही हसले. दोघं एकाच माळेचे मणी, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

रोज सकाळी मी बाबांना टॅक्सीने वाचनालयात सोडायचे. तिथे त्यांचा बुद्धिबळाचा अड्डा. बस दारावरून जायची, पण तिच्या पायऱ्या उंच. एकदा चार भल्या माणसांनी बाबांना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं, तर घरी आल्यावर म्हणाले, "पुन्हा नको गं. पोत्यासारखं वाटतं."

हा मुलगा बससेवेतला इंजिनिअर निघाला. शहरात नव्या बस येणार होत्या, बिनपायऱ्यांच्या. थांब्यावर आल्या की एका अंगावर झुकणार आणि दारातून फळी बाहेर सरकवणार.

"म्हणजे मी एकटा चढू शकेन?" बाबांनी विचारलं.

"त्याचसाठी तर आहे, काका."

"एकटे कशाला? मी आहे ना," मी मध्येच म्हणाले.

बाबा रस्त्याकडे बघायला लागले. तेवढ्यात टॅक्सी आली.

त्यानंतर तो या ना त्या निमित्ताने थांब्यावर दिसू लागला.

"फुटपाथ परवाच मोजलात ना?"

"हो, पण म्हटलं... वाढला-बिढला असेल."

"आणि वाढला का?"

"अजून खात्री नाही. उद्या परत यावं लागेल."

बाबांनी त्याचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं. मला ते 'सुभेदार' म्हणायचेच. "सुभेदार, मोजपट्टीचं लक्ष आज फुटपाथवर कमी होतं."

"बाबा, पुरे हं."

घरातून निघताना मी आरशात दोनदा बघायला लागले होते. बाबांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं, पण बोलले नाहीत, एवढे उपकार.

मग नवी बस आली. थांब्यावर बघ्यांची ही गर्दी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. बस झुकली, फळी बाहेर आली, आणि बाबांनी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली. निम्म्यावर त्यांचे हात कमी पडले. चढ फारच उभा होता. खुर्ची मागे घसरली. मी आणि त्याने धावत जाऊन ती कशीबशी धरली. गर्दीतलं कोणीतरी "अरेरे" म्हणालं, तेवढं एक बाबांना ऐकू यायला नको होतं.

बाबांना घरी सोडून मी थांब्यावर परत आले. तो तिथेच बसला होता.

"तुम्ही मोजलं होतंत ना?"

"पहिल्या दिवशी. मधल्या काळात रस्त्यावर नवं डांबर पडलं. रस्ता वर आला, त्याच्या मानाने फुटपाथ बसका झाला आणि फळीचा चढ वाढला."

"आणि तुम्ही सारखे इथेच होतात."

"होतो."

"मग करत काय होतात?"

त्याचे कान लाल झाले. "तुमच्याकडे बघत होतो," तो म्हणाला.

एरवी मी विरघळले असते. त्या दिवशी मला रडू आलं. "माझे बाबा चारचौघांत घसरले हो..."

"हो. माझ्यामुळे. आधी ते दुरुस्त करतो, बाकीचं नंतर."

संध्याकाळी तो घरी आला आणि बाबांसमोर सगळं कबूल केलं, कोणाकडे बघत होता तेही. बाबांनी शांतपणे पट मांडला. "बस. आधी एक डाव हर माझ्याशी." तो हरला. मुद्दाम हरला नाही, याची बाबांनी खात्री करून घेतली आणि मगच त्याला चहा दिला.

पण वाचनालयात जायचं त्यांनी टाकलं होतं. टॅक्सीनेही नको म्हणाले.

त्याने कार्यालयात भांडून थांब्याचा फुटपाथ वर उचलून घेतला. काम झालं त्या दिवशी स्वतः एका रिकाम्या व्हीलचेअरमध्ये बसला आणि नव्या बसच्या फळीवरून वर-खाली करत राहिला. बारीक पाऊस लागला होता. मी एका हाताने त्याच्यावर छत्री धरली, दुसऱ्याने खुर्चीची मूठ.

"तुम्ही भिजताय," मी म्हणाले.

"मग जवळ या."

मी आले... थोडी जास्तच.

"आता मूठ सोडा," तो हळूच म्हणाला. "मला वर जाऊन बघायचंय."

"घसराल."

"नाही घसरणार. सोडा ना."

माझी बोटं सुटेनात. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, आता अडचण फुटपाथची नव्हती, माझी होती. बाबांना माझी गरज लागली नाही तर मी सकाळी उठून करायचं काय, याची मला भीती वाटत होती.

बाबांची समजूत घालायला आठवडा गेला. माझी घालायला त्याहून थोडा जास्त.

त्या सकाळी बस आली, झुकली. बाबा म्हणाले, "सुभेदार, हात काढा."

मी काढले. बाबा सावकाश वर गेले. एकदा थांबले, दम घेतला, पुन्हा गेले. मी जागची हलले नाही. दार लागलं, बस सरळ झाली. खिडकीतून ते माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं, पण ते शेजारच्या माणसाशी गप्पांना लागलेही होते. बस वळेपर्यंत मी बघत राहिले. डोळे पुसले तेव्हा तो शेजारी उभा होता.

"इथलं काम संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे... इथे यायला आता काही निमित्त नाही."

"तिकडे बस जाते?"

"जाते. पण मध्ये एकदा बदलावी लागते."

"चालेल. मला तुम्ही आवडता. दुकान बंद झालं की येते."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग म्हणाला, "आणि काका?"

"त्यांचे ते येतील घरी," मी म्हणाले. "मी एकटीच येईन."