आजीला ऐकू येईल असा निरोप

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात एका तरुणाने मला थांबवलं.

“डायलिसिस सेंटरचे मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर इथेच बनतं ना? भांडायला आलोय.”

“मग माझ्याशीच भांडा... मीच लिहिलंय.”

तो गडबडला. नाव नयन, राहणार मानपाडा. त्याच्या आजीची, बायजाबाईंची, डायलिसिसची वेळ बदलली होती. आमचा एसएमएस गेला. पण आजीला वाचता येत नाही. ती जुन्याच वेळी गेली, मशीन मिळालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी धाप लागून ॲडमिट करावं लागलं.

“आता बरी आहे. पण पुढच्या वेळी?”

मी त्याला वर माझ्या टेबलापाशी नेलं. शेजारी खुर्ची दिली.

“निरोपाचं काम मी थेट एसएमएसलाच बांधून ठेवलेलं. आता कोड फक्त ‘निरोप पोचव’ एवढंच म्हणेल. एसएमएस आणि फोन, दोन्ही तयार ठेवायचे. प्रोग्राम चालू असतानाच पेशंटच्या नोंदीत वाचता येतं का ते बघायचं आणि जे लागेल ते बाहेरून कोडच्या हातात द्यायचं. डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात याला.”

“इंजेक्शन? नको हो, आजीला आधीच पुष्कळ आहेत!”

मला हसू फुटलं. त्यालाही.

आजीला कळेल असा निरोप तिच्या आगरी बोलीत हवा, म्हणून आपल्या आवाजात रेकॉर्डिंग करायला तो तीनदा आला. दुसऱ्या वेळीच अहो-जाहो गळून पडलं.

“अगं, अजून किती वेळा ऐकणार?”

“टेस्टिंग आहे रे...” मी म्हणाले, आणि कान तापले.

महिन्याभराने वेळ पुन्हा बदलली. माझ्या स्क्रीनवर ओळ आली — बायजाबाई, फोन, उचलला. तासाभरात नयनचा फोन : “पोचली ती. मशीनवर आहे.” मी भर ऑफिसात रडले.

रविवारी त्याने घरी बोलावलं. सुयांच्या खुणांनी भरलेल्या हातात आजीने माझा हात घेतला. “पोरी, मना वाचता येत नाय, ह्या तू ध्यानान ठेवलास. तुजा बरा होव दे गो.”

मी वाकून नमस्कार केला.

नयन रिक्षापर्यंत सोडायला आला. “अक्षदा... आजीने आभार मानले. मला वेगळंच बोलायचंय. तू — आवडतेस मला.”

माझ्या तोंडून निघालं, “थँक्यू.”

“थँक्यू?”

“म्हणजे... तू त्या दिवशी भांडून निघून गेला नाहीस. बसलास, ऐकलंस. नाहीतर मला कळलंच नसतं रे, कुणासाठी लिहितेय ते.”

“बरं. आणि मी जे बोललो, त्याचं?”

रिक्षा येऊन थांबली होती. मी ती जाऊ दिली.