गंज की स्फटिक

मोखाड्याहून जव्हारला निघालेल्या जीपमध्ये प्रतिक्षाला जागा मिळाली, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्या जागेवर एका तरुणाचा गुडघा होता. तिच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काचेचा चंबू. चंबूत लालसर तपकिरी द्रावण, तोंडावर टाचणीने भोकं पाडलेला फिल्टर पेपर.

"द्या इकडं, मी धरतो," गुडघेवाला म्हणाला.

"हलवायचं नाही हं."

त्या रस्त्यावर अशी सूचना देणं धाडसाचंच होतं. जीप लगेच एका खड्ड्यात गेली.

"काय आहे यात?"

"शिफ बेस नावाचं रसायन. त्याला लोखंड जोडायचंय."

"अरे वा. मी हरेश. माझंही तेच काम... मोखाड्यात दुकान आहे, ग्रील बनवतो. पण माझं जुळलं की दिसतं. तुमचं कसं कळतं?"

"स्फटिक पडले तर कळतं. नाही पडले तर..."

तिने वाक्य अर्धवट सोडलं. समोरच्या रंगूआजीने नाक पुढे केलं. "वास तं दारूचा येतोय गं पोरी."

"नाही आजी, औषधासारखं आहे ते."

"दारू पन औषधच हाय," आजी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

हा प्रतिक्षाचा एमएस्सीचा प्रकल्प. जव्हारच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत मुलं टेबलाला धक्के मारतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिने चंबू मोखाड्याला घरी आणला, फडताळात ठेवला आणि त्या खोलीत मोठ्याने बोलायला बंदी केली. घर शांत झालं, स्फटिक काही पडले नाहीत. सोमवारी सरांना दाखवायला काही नसेल, तर विषय बदलायचा. म्हणजे वर्ष गेलं.

हरेशने चंबू करवलीने कलश धरावा तसा धरला होता. दर खड्ड्याला तो आधी चंबूकडे बघायचा, मग तिच्याकडे. पुढेपुढे आधी तिच्याकडे.

जव्हारच्या स्टँडवर उतरताना त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, सॉरी... आत कचरा पडलाय. माझ्या हाताचा गंज असणार. सकाळी गेट घासलं होतं."

तळाशी काळसर, बारीक, चमकदार कण होते. प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आणखीच घाबरला.

"नवीन आणून देतो. कुठल्या दुकानात मिळतं हे?"

"कचरा नाही हो... स्फटिक आहेत. कधीकधी द्रावणाला धक्का लागला की पडतात." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. फडताळातल्या शांततेला जे जमलं नाही, ते रस्त्याने केलं होतं.

सर मात्र इतक्यात विरघळणारे नव्हते. "हाताला गंज होता म्हणाला ना तो मुलगा? मग हे स्फटिकच कशावरून? आयआर तपासणी करून आण, कशाला काय जोडलंय ते आलेखात दिसेल."

नमुना नाशिकला गेला. हरेशने अपराधी म्हणून तिचा नंबर घेतलाच होता. रोज संध्याकाळी फोन.

"आला रिपोर्ट?"

"नाही."

"गंज निघाला तर?"

"तर माझं वर्ष गेलं."

"मग मी तोंड कुठं दाखवू?"

गंजाचा विषय दोन मिनिटांत संपायचा. फोन बऱ्याच वेळाने.

रिपोर्ट आला. आलेखात एकट्या शिफ बेसचा पट्टा सोळाशे पंचवीसला होता, तो सोळाशेच्या जवळ खाली सरकला होता. म्हणजे त्यातल्या नायट्रोजनने लोखंड धरलं होतं. नुसत्या गंजाला हे जमत नाही. सर म्हणाले, "जुळलंय." सरांच्या हिशेबात हा सत्कार होता.

तिने आधी हरेशला फोन लावला. आईला नंतर.

"गंज नाही. स्फटिकच आहेत."

पलीकडे भलामोठा सुस्कारा. "सुटलो बाबा." मग आणखी एक सुस्कारा, हा मात्र जड.

"काय झालं?"

"काही नाही... चांगलंच झालं. फक्त आता रोज विचारायला काही उरलं नाही."

प्रतिक्षाने रिपोर्टची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"बाजाराच्या दिवशी मोखाड्याला येतेय मी. तुमच्या दुकानात. ग्रील बघायला."

"घराला बसवायचंय?"

"नाही हो. ग्रीलचं कारण फक्त आईला सांगायला."